उन्हात वाळवलेली नाटकं

आमच्या दशावतारात पडदा वर जात नाही. मागे एक रंगवलेला पडदा टांगलेला असतो, पुढे लाकडी बाक असतो, आणि त्या बाकावर जो बसेल तो राजा. एवढ्या नेपथ्यावर मी उभा जन्म काढला. पण आज तुमच्यासाठी पडदा वर नेतो. बघा.

तोंडवली. खाडीच्या अंगाला, माडांच्या मागे, घराला लागून काढलेली एक पत्र्याची खोली. उजव्या हाताला लोखंडी कपाट. डाव्या हाताला टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरवर क्रोशाचा रुमाल, देव्हाऱ्यावर असतो तसा. पत्र्यावर आषाढ वाजतो आहे. मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत एक किडकिडीत माणूस बसला आहे. चष्मा कपाळावर, हातात एक सीडी. ती त्याने ट्यूबलाइटसमोर धरली आहे आणि तिच्यातून पलीकडे काही दिसते का ते बघतो आहे. टेबलाखाली सीड्या, पाटावर सीड्या, तांदूळ पाखडायच्या सुपातसुद्धा सीड्या.

हा लवू. राजा नव्हे, विदूषकही नव्हे. पण माझ्या ओळखीत याच्याइतके मोठे पात्र दुसरे नाही.

लवू मासेमारांच्या घरातला. बापाची होडी होती, चुलत्यांची जाळी होती, आणि नेमका याला समुद्र लागायचा. होडी किनारा सोडून जरा आत गेली की हा काठावर ओणवा. बाप म्हणायचा, "ह्येका वांगडा घेतलो की माशांका चारो घालूक नको." सगळी वाडी हसायची आणि लवूही हसायचा. शेवटी त्याने होडी सोडली आणि लाऊडस्पीकरचा धंदा धरला. जत्रेत आमच्या नाटकाला कर्णे लावायला तो येऊ लागला, तेव्हापासूनची आमची ओळख. मी राजाची कामे करायचो. माझा आवाज मुळात खणखणीत, तरी लवू कर्णा बरोबर माझ्या तोंडाच्या रोखाने फिरवायचा आणि म्हणायचा, "तात्यानू, आज गोव्यापर्यंत जावंदे."

पुढे त्याने व्हिडिओ कॅमेरा घेतला. लग्ने, साखरपुडे, बारशी हा पोटाचा धंदा. पण जत्रांचे दिवस आले की तो कॅमेरा खांद्यावर टाकून आमच्या बाकासमोर हजर. कोणी सांगितलेले नसायचे, कोणी काही द्यायचे नाही. मी एकदा विचारले, "लवू, हे कशाला रे?"

"तुमी लिवन ठेवणास नाय," तो म्हणाला. "उद्या तुमी गेलास की मागे ऱ्हवतला काय? मुकुट आणि पेटारो?"

खरे होते. आमच्या नाटकाला संहिता नसते. रंग लावता लावता कंपनीचा मालक कथानक सांगतो. तू राजा, हा तुझी राणी, कोणीतरी कान फुंकतो, तू तिला वनात धाडतोस, शेवट गोड. एवढेच. मग आम्ही उभे राहायचो आणि जे तोंडाला येईल ते बोलायचो. कालच्या जत्रेतली राणी आजच्या जत्रेत वेगळे बोलायची. बोललेले वाऱ्यावर जायचे. ते पकडून ठेवायचा विचार आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. आला तो या समुद्र लागणाऱ्या माणसाच्या डोक्यात.

कॅमेऱ्याच्या कॅसेटी त्याला पुन्हा पुन्हा वापराव्या लागत. म्हणून नाटक कॉम्प्युटरवरून कोऱ्या सीडीवर उतरवायचे आणि कॅसेट पुसून पुढच्या लग्नाला न्यायची. म्हणजे ते नाटक उरले फक्त त्या चकतीवर. चकतीवर स्केचपेनने गावाचे नाव, राजा कोण, राणी कोण, आणि ती कपाटात.

आमच्या किनाऱ्याची हवा तुम्हाला ठाऊक आहे. पावसाळ्यात कोपऱ्यातल्या चपलेलाही बुरशी येते. लवूने कपाटाच्या खालच्या फळीवर एक पिवळा बल्ब बसवला होता. मृगापासून दसऱ्यापर्यंत तो रात्रंदिवस पेटलेला. कपाट आतून कसे उबदार! त्याची बायको चंद्रावती मग वरच्या फळीवर पापडांचे आणि मसाल्याचे डबे ठेवू लागली. लवू पाहुण्यांना कपाट उघडून दाखवायचा, "वरती पापड, सकयल नाटका. दोनय कुरकुरीत."

वर्षे गेली. आमची कंपनी मोडली. एकेक गडी गेला. मग बाजारात पिवळे बल्ब मिळेनासे झाले. लवूने नवा पांढरा बल्ब आणून लावला. उजेड लख्ख, वीज कमी, सगळे खूश. फक्त ऊब नाही. आणि नेमकी त्याच वर्षांत लवूच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता, त्यामुळे कपाटात काय चालले आहे ते त्याला दिसलेच नाही.

आता दुसरे पात्र आणतो. आनंदी. मंगेशची बायको.

मंगेश आमच्या कंपनीतला स्त्रीपार्टी, म्हणजे राणीची कामे करणारा. त्याने पदर सावरला की पुढे बसलेल्या बायका आपापला पदर सावरायच्या. पण नेसायचा मात्र आनंदीच्या लग्नातली साडी. आनंदी मासे विकायची. बाजारातल्या बायका तिला छळायच्या, "काय गो आनंदी, काल जत्रेत तुझो घोव तुझ्यापरास देखणो दिसलो." ती भडकायची. तिने शपथ घातली, त्या माणसाला साडीत बघणार नाही. आणि ती बाई शब्दाची एवढी पक्की की मंगेश वारला तोवर तिने त्याचे एकही नाटक पाहिले नाही. घराशेजारच्या देवळात नाटक असले तरी ही कडी लावून आत.

यंदा चैत्रात ती टोपली घेऊन लवूच्या दारात आली. टोपली खाली ठेवली आणि बसली.

"लवू, मंगेशचा एखादा नाटाक आसा मा रे तुझ्याकडे?"

"आसा, वैनी. वालावलच्या जत्रेतला. एकच ऱ्हवला."

"माका बघूचा आसा."

लवू तिच्याकडे बघू लागला, तशी ती उसळली. "असो काय बघतंस, मेल्या? साऱ्या जिल्ह्यान माझ्या घोवाक बघल्यान. एकटी मीच नाय."

लवू म्हणाला, "डोळे करून येतंय वैनी. इलंय की पयली तुमची सीडी काढतंय. शब्द."

डोळ्याचे ऑपरेशन झाले. धूळ नको, चुलीचा धूर नको, म्हणून वैशाखभर तो कुडाळला मुलीकडे राहिला. इकडे चंद्रावती एकटी, आणि दारात आगोट. म्हणजे पाऊस लागायच्या आत वर्षाचे सगळे वाळवून भरून ठेवायचे दिवस. घरापुढच्या खळ्यात कोकमाची सोले, एका चटईवर सुंगटे, म्हणजे सुकवायची कोळंबी, एका पाटावर मिरच्या. अशात ती पापडाचा डबा काढायला कपाटाकडे गेली, तर आतून कुबट वास. सीड्यांवर पांढरे ठिपके.

कोकणातली बाई अशा वेळी काय करते? गादी असो, गोधडी असो, लोणच्याची बरणी असो, ती उन्हात घालते. चंद्रावतीने रिठ्याच्या पाण्यात एकेक सीडी मऊ फडक्याने धुतली. तेवढ्यात स्केचपेनची नावेही धुऊन गेली. तिला वाटले, नवऱ्याला तोंडपाठ असतील. मग खळ्यात स्वच्छ चटई, त्यावर सगळ्या सीड्या चकचकीत बाजू वर करून, आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून वरून जुन्या जाळ्याचा तुकडा.

आणि काय चमत्कार! सीड्यांचा झगमगाट बघून कावळे खळ्यात उतरेनात. जन्मात पहिल्यांदा सुंगटे राखायला काठी घेऊन बसावे लागले नाही. चंद्रावती एवढी खूश झाली की सीड्या वाळल्यावरही तिने त्या उचलल्या नाहीत. मिरच्या उचलल्या, सोले उचलली, सीड्या राहिल्या. मासे घेऊन चाललेल्या आनंदीनेही कुंपणाच्या गडग्यावरून बघितले आणि शाबासकी दिली, "बरा केलंस गो. वायच ऊन खावंदेत."

लवू परतला. नव्या डोळ्यांनी त्याने कपाट उघडले. आत सीड्या ताटांसारख्या रचलेल्या. त्याने एक काढून कॉम्प्युटरात घातली. ती गरगरली, घुमली आणि बाहेर आली. दुसरी घातली. तीही बाहेर. मग त्याने एक उजेडाकडे धरली. पूर्वी तिच्यात निळसर झाक असायची. आता ती झाक पार उडालेली, पलीकडच्या खिडकीचा उजेड आरपार दिसत होता. लिहिलेले उन्हाने खाल्ले होते.

चंद्रावती दारात उभी, ओले हात पदराला पुसत. "कशी झाली?"

लवू म्हणाला, "लखलखीत."

मग त्याने मला वालावलला फोन केला. "तात्यानू, चार कपडे घेवन येवा. नावा गेली हत. वळखूक तुमी व्हये."

तो पावसाळा मी तोंडवलीला काढला. सकाळी चहा झाला की आम्ही बसायचो. सगळ्या सीड्या गेल्या नव्हत्या. जाळ्याखाली वाऱ्याने ज्या उलट्या झाल्या होत्या त्यांची पाठ उन्हाकडे राहिली, त्या वाचल्या. लवू एक सीडी घालायचा, कॉम्प्युटर घरघरायचा, आणि मध्येच कर्ण्यातून पायपेटीचा सूर निघायचा. काय सांगू! जे गडी मी खांदा देऊन पोचवले ते उठून उभे राहायचे. ज्याच्या मुलाने त्याचा मुकुट भंगारात दिला तो खलनायक असा काही हसायचा की आत चंद्रावतीच्या हातातले भांडे पडायचे. मी नाव सांगायचो, लवू एका बोटाने टाइप करायचा. गाव, राजा, राणी. मग ते नाटक हार्ड डिस्कवर. मग दुसऱ्या हार्ड डिस्कवर. ती दुसरी कुडाळला मुलीच्या घरी जायची होती, तांदूळ घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात.

"दोन कशाला?" मी विचारले.

"एक माझ्या घरात आसा," लवू म्हणाला. "आणि माझ्या घरात आगोट दर वर्सा येता."

एवढेच. तेही चंद्रावती विहिरीवर गेली असताना. तिला त्याने एका शब्दाने सांगितले नव्हते. सीड्या जुन्या झाल्या, एवढेच. मध्ये दोन दिवस उघडीप मिळाली तेव्हा तीच आली बिचारी, "आज बरा ऊन आसा. चालनत नाय त्यो परत घालू काय?"

मी तोंड फिरवून पखवाज ऐकत असल्याचा अभिनय केला. लवू शांतपणे म्हणाला, "नको गो. ऊन पोटभर झाला तेंका."

न वाचणाऱ्या सीड्या सुपात जमत गेल्या. वाचलेल्यांत मंगेश कुठे नव्हता. म्हणजे तो सुपात होता, आणि सुपातल्या सगळ्या सारख्याच, कोऱ्या चेहऱ्याच्या. आनंदी येताजाता हाक मारायची, "लवू, सापडलो काय रे माझो घोव?" आणि लवू आतून, "शोधतंय वैनी!"

श्रावणात एक दिवस ती आत येऊन बसली. आता टाळणे शक्य नव्हते. लवूने सूप तिच्यासमोर ठेवले.

"हेच्यात आसा तो. पण वाचणा नाय. माझ्या हातान गेलो, वैनी. मी बल्ब बदललंय आणि ध्यान दिलंय नाय."

आनंदीने सुपाकडे पाहिले. मासे निवडणारी बाई ती, हाताने सीड्या वरखाली केल्या. "जिवंत होतो तेव्हा मी बघूक नाय. आता माका बघूचो आसा तर तो दिसणा नाय," ती म्हणाली. "बरोबर सूड घेतल्यान मेल्यान." टोपली डोक्यावर घेऊन ती गेली. नेहमीसारखी शिवी देऊन गेली असती तर बरे झाले असते.

संध्याकाळी जेवणे चालली असताना चंद्रावती भांडे हातात घेऊन तशीच उभी राहिली. "तुमी बल्ब बल्ब कित्या करतास? कुडाळच्या चेडवान माका फोनवर सांगल्यान. सीडी उन्हात घातली की जाता. मी घालवलंय सगळा. माका सांगूक काय झाला तुमका?"

"सांगलंय असतंय तर ऊन परत गेला असता?" लवू म्हणाला. "आमटी वाढ."

तिने आमटी वाढली, पण बसली नाही. मंगेशनंतर कंपनीत एक दुसरा स्त्रीपार्टी आला होता. त्याच राणीच्या कामाची त्याची सीडी वाचली होती. "तीच दी मा आनंदीक," चंद्रावती हळूच म्हणाली. "तोच मुकुट, तोच रंग, तसलोच पदर. तिना आपल्या घोवाक साडयेत कधी बघूक नाय. तिका काय कळाचा नाय."

मी लवूकडे पाहिले. खरे सांगायचे तर मला ते पटले होते. आमचा सारा धंदाच तसा. रंग लावला की एक जातो आणि दुसरा दिसतो.

लवूने भात कालवला. "तिका कळाचा नाय," तो म्हणाला. "पण उद्या ती त्या परक्याच्या तोंडाक बघून रडात. ता माका बघवाचा नाय."

दुसऱ्या दिवशी तो सूपच पिशवीत ओतून बांद्याला निघाला, मी सोबत. तिथे मितेश नावाचा एक जण पूर्वी सायबर कॅफे चालवायचा. दुकान बंद होऊन आता तिथे मोबाइलची कव्हरे टांगलेली, पण माळ्यावर जुने कॉम्प्युटर पडून होते. लवूचे म्हणणे, जुन्या मशीनी हळू फिरवतात. हळू फिरवल्या तर काही जणी बोलतील. मितेश हसला, पण माळ्यावर चढला. दोन मशीनी उठल्याच नाहीत. तिसरी खोकत खोकत सुरू झाली. आम्ही दिवसभर एकेक सीडी भरवत होतो. दुकानात गिऱ्हाईक आले की मितेश म्हणायचा, "वायच थांबा, पेशंट तपासतंय."

बऱ्याच सीड्या झाल्यावर एका सीडीने घरघर केली, थांबली, पुन्हा घरघर केली, आणि पडद्यावर रंगाचे चौकोन सांडले. मग आवाज आला.

मी खुर्चीतून उठलो. तो मंगेश होता. आणि त्याच्यासमोर बाकावर बसलेला राजा मी होतो, पण मला स्वतःकडे बघायची शुद्ध कुठे? नाटकाचा फक्त मधला तुकडा निघाला. पुढे मागे काही नाही. लवूने तो तिथल्या तिथे पेनड्राइव्हवर घेतला, मितेशच्या कॉम्प्युटरवर घेतला, माझ्या फोनात घातला, आणि पेनड्राइव्ह शर्टाच्या आतल्या खिशात टाकून वर हात दाबून धरला. तोंडवलीपर्यंत एसटीत त्याने तो हात काढला नाही.

आनंदीला बोलावणे धाडले. नात सारिका तिला घेऊन आली. आनंदीने धुतलेले लुगडे नेसले होते आणि टोपली आणली नव्हती. तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवले. चंद्रावती तिच्या मागे, दाराला धरून.

लवूने बटण दाबले. चौकोन हलले, जुळले, सुटले. मध्येच चेहरा स्पष्ट व्हायचा, मध्येच नुसता पदराचा काठ. आनंदी पुढे वाकली. "माझी साडी," ती म्हणाली.

पडद्यावर राणी राजाला जाब विचारत होती. मंगेशचा तो प्रसिद्ध तुकडा. दर जत्रेत लोक त्याची वाट बघत बसायचे. "महाराज, आपण या महालात येता पाहुण्यासारखे आणि जाता चोरासारखे! सांगा मला, मी आपली राणी आहे की दाराचे कडीकुलूप?" आणि समोर बसलेली सगळी जत्रा खदखदून हसली. त्या हसण्यात मी, राजा, खाली मान घालून बसलेला.

आनंदी ताडकन उठली. "ह्या माझा! ह्या मी बोललेला!"

"काय गे आजी?" सारिका म्हणाली.

"मी तेका बोललेलंय! बांगडे साफ करी होतंय, आणि हो उजाडताना इलो नाटकासून. मी म्हटलंय, येतंस पावण्यासारखो, जातंस चोरासारखो, मी तुझी बाईल की कडीकुलूप? शब्दान् शब्द माझो!" ती माझ्याकडे वळली. "तात्यानू, तुमका ठावक होता?"

मला ठाऊक नव्हते. इतकी वर्षे मी त्या बाकावर बसून आनंदीची बोलणी खाल्ली आणि मला वाटत होते, मंगेशला सुचतात.

"शिरा पडो तेच्या तोंडार," आनंदी म्हणाली, पण हसत. मग खाली बसली. "परत लाव रे."

लवूने परत लावले. पुन्हा राणी उभी राहिली, पुन्हा जाब विचारला, पुन्हा जत्रा हसली. या वेळी आनंदी हसली नाही. तिने पदर तोंडाला लावला. चंद्रावतीने मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला. बाहेर पाऊस थांबला होता आणि खोलीत ते जुने हसणे तेवढे उरले होते.

तुकडा संपला. "एवढोच?" आनंदीने विचारले.

"एवढोच गावलो, वैनी."

तिने काळ्या पडद्याकडे बोट केले. मग म्हणाली, "लवू, ता लोकांचा हसणा काढून टाकूक येता काय रे? मी तेव्हा रडान बोललेलंय. आणि हे मेले हसतत."

लवूने कपाळावरचा चष्मा खाली घेतला, पडद्याकडे पाहिले, मग तिच्याकडे.

"नाय वैनी. दोनय एकमेकांत मिसाळलेले हत. ता काढूक गेलंय तर तेचो आवाजय जातलो. हसूंदेत तेंका."